रोलटॉप डेस्क: पडदा फाटलाय, खण उघडत नाहीत, वय कसं ठरवायचं?

जुनंलाकूड

एक जुनं रोलटॉप डेस्क, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा वळणारा पडदा ओढून बंद होणारं लिहिण्याचं टेबल, दुरुस्तीसाठी आलंय. हत्यार लावण्याआधी इथल्या जाणकारांना विचारून घ्यावं म्हणतो. जेवढं दिसतंय तेवढं लिहितो.

रुंदी १५२ सेंमी, खोली ८६, उंची १२७. लाकूड ओक असावं, कारण फळ्यांवर आडव्या चमकदार लहरी दिसतात. बाजूची फळी बाजूने पाहिली तर वरची कड इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. खाली दोन्ही बाजूंना चार-चार खण, मध्ये एक पसरट खण. लिहिण्याच्या फळीमागे लहान-मोठे तीसेक कप्पे.

अडचणी अशा:

१. पडदा अर्ध्यावर येऊन तिरका होतो आणि अडकतो. मागचं कापड दोन ठिकाणी फाटलंय, दोन पट्ट्यांची टोकं तुटली आहेत.
२. पडदा उघडा असूनही डावीकडचे चारही खण उघडत नाहीत. उजवीकडचे व्यवस्थित उघडतात. खणांना स्वतंत्र कुलपं नाहीत.
३. पॉलिश काळपट झालंय, जागोजागी मगरीच्या कातडीसारखं तडकलंय.

उजवीकडचा एक खण काढून पाहिला. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे जुळतात तिथे नेहमीचा डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारख्या दातांचा सांधा) नाही. अर्धगोलांची रांग आहे आणि प्रत्येक अर्धगोलाच्या मध्यभागी एक गोल खुंटी. खणाचा तळ प्लायचा नाही, सलग फळीचा आहे. पडद्याच्या कुलपावर पेटंटची तारीख कोरलीय, त्यात १८८८ एवढं वाचता येतं. मागच्या पाटाला मात्र चार फुलीचे स्क्रू आहेत.

वय किती धरावं? आणि काम कुठून सुरू करावं? पॉलिश आधी उतरवून घेतलं तर चालेल का?

---

गुण्या

पॉलिशला आत्ता अजिबात हात लावू नका. ते सगळ्यात शेवटी. आधी डावीकडचे खण, कारण ते जोर लावून ओढले तर पुढची फळी हातात येईल आणि तो सांधा पुन्हा जमवणं फार किचकट काम आहे.

या डेस्कांत खणांना एकत्र कुलूप असतं. दोन्ही पेडेस्टलमध्ये, म्हणजे खालच्या खणांच्या दोन खोक्यांत, खणांच्या मागे किंवा बाजूला एक उभी दांडी असते, लाकडी किंवा लोखंडी. तिला दात किंवा खाचा असतात, आणि प्रत्येक खणाला त्या दातात अडकणारी पट्टी. पडदा खाली आला की एक कळ दबते किंवा सुटते, दांडी सरकते आणि सगळे खण एकदम बंद. पडदा वर गेला की उलट. म्हणून खणांना वेगळी कुलपं नसतात. कळ कुठे आहे ते कारखान्यानुसार बदलतं. कुठे लिहिण्याच्या फळीच्या पुढच्या कडेला लहान खुंटी असते आणि पडद्याची खालची कड तिच्यावर बसते, कुठे मागच्या बाजूला पट्टी असते आणि उघडताना पडद्याचं शेपूट तिच्यावर येऊन टेकतं.

तुमची उजवी बाजू चालते, म्हणजे मधली जोडणी बहुधा ठीक आहे आणि अडचण डाव्या दांडीत आहे. तुमचा पडदा अर्ध्यावर अडकतो असं म्हणताय, तर तो पूर्ण मागे जातो का हे आधी बघा. शेपूट तिरकं असेल तर एका बाजूची कळ दबते आणि दुसरी राहते. पडदा हाताने सरळ करून पूर्ण मागे ढकला आणि मग डावा खण हलका ओढून पाहा.

तरी उघडला नाही तर मागचा पाट काढा. डावी दांडी दिसेल. ती बोटाने वर-खाली होते का? होत असेल तर कळ आणि दांडी यांच्यामधला दुवा वाकला किंवा निखळला आहे. होत नसेल तर तीन कारणं संभवतात. पहिलं आणि नेहमीचं म्हणजे खणातून मागे पडलेला कागदांचा गठ्ठा: खण पूर्ण आत जात नाही, त्याची पट्टी दातावर दाब देत राहते आणि दांडी जागची हलत नाही. अशा वेळी खण ओढायचा नाही, उलट आत ढकलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने दांडी सरकवायची. दुसरं कारण जुनं, घट्ट झालेलं ग्रीस. ते टर्पेंटाइनने पुसून काढा आणि नंतर ग्रॅफाइटची पूड किंवा मेण लावा. तेल नको, तेलात धूळ बसून पुन्हा तेच होतं. तिसरं म्हणजे खणाच्या खालच्या कडा झिजून खण काही मिलिमीटर खाली बसलेला असतो, मग पट्टी आणि दात समोरासमोर येत नाहीत.

खणाची झीज भरून काढायची पद्धत सोपी आहे. झिजलेली कड रंध्याने सरळ करायची, जेवढी उंची गेली तेवढ्या जाडीची त्याच जातीच्या लाकडाची पट्टी सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाने) चिकटवायची आणि मग रंध्याने बेतशीर करायची. खिळे मारायचे नाहीत, कारण पट्टी झिजत गेली की खिळ्याचं डोकं खालच्या धावपट्टीत चर पाडतं. खणाच्या तळाची फळी मात्र कधीही चिकटवू नका. ती खोबणीत मोकळी असते आणि हवेतल्या ओलाव्याप्रमाणे आकसते-फुगते. ती आकसून पुढच्या खोबणीतून सुटली असेल तर पुढे सरकवा आणि मागच्या बाजूला लांबट भोकातून एकच स्क्रू द्या.

---

कारकूनकागद

वयाबद्दल लिहितो. तुमच्याकडे चार पुरावे आहेत आणि चारही वेगवेगळ्या वजनाचे.

सगळ्यात वजनदार तो अर्धगोलांचा सांधा. त्याला नॅप सांधा म्हणतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटर्लू गावच्या चार्ल्स नॅपने त्याच्या यंत्राचं पेटंट १८६७ साली घेतलं. खणाचे सांधे पूर्णपणे यंत्रावर करणारी ती पहिली यशस्वी पद्धत. १८७० च्या दशकात कारखान्यांत रुजली आणि शतक संपता संपता मागे पडली, कारण तोवर डव्हटेल कापणारी यंत्रं चांगली झाली होती आणि गिऱ्हाइकाला डव्हटेलच दिसायला हवा होता. त्यामुळे हा सांधा दिसला की ढोबळमानाने १८७० ते १९०० ही तीन दशकं डोळ्यांसमोर ठेवावीत. कुठल्याही शैलीपेक्षा तो भरवशाचा, कारण त्याची नक्कल करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

कुलपावरचं १८८८ फक्त एवढंच सांगतं की डेस्क त्याआधीचं नाही. पेटंटची तारीख पुढे कित्येक वर्षं तशीच ठोकत राहायचे, त्यामुळे तिला जन्मतारीख समजू नका. शिवाय कुलूप बदललेलं असू शकतं. कुलपाच्या कडेने लाकडात दुसऱ्या आकाराच्या खाचेच्या खुणा किंवा बुजवलेली स्क्रूची भोकं आहेत का ते पाहा.

एस वळण साधारणपणे साध्या पाव-गोल वळणानंतरचं, १८९० च्या आसपास आणि पुढे जास्त दिसतं. फुलीचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून बाजारात आले, म्हणजे मागचा पाट नंतर कोणीतरी उघडला आहे. कदाचित पडद्याचं काम आधी एकदा झालं असेल, तेव्हा कापडाखाली कुठला डिंक आहे ते नीट बघा.

सगळं जमेस धरता १८९० ते १९०० हे दशक मी धरेन. देश अमेरिका.

लाकूड खरंच ओक आहे का याची एक चाचणी आहे आणि ती करायलाच हवी. ओकच्या ओंडक्याचे चार भाग करून फळ्या मध्याकडून बाहेर अशा कापल्या की लाकडातले आडवे किरण उघडे पडतात आणि त्या चमकदार लहरी दिसतात. याला क्वार्टर सॉन ओक म्हणतात. अशी फळी कमी वाकते आणि साध्या कापाच्या फळीच्या साधारण निम्मीच आकसते-फुगते. पण ती महाग पडायची, म्हणून त्या काळात स्वस्त लाकडावर याच लहरी छापून विकत असत. चाचणी अशी: फळीचं टोक, म्हणजे आडवा छेद, भिंगाखाली बघा. खऱ्या फळीत वाढीची वलयं छेदावर जवळजवळ उभी, फळीच्या तोंडाशी (रुंद, दर्शनी बाजूशी) काटकोनात असतात आणि किरणांच्या बारीक रेघा तोंडाला समांतर धावतात. तोंडावर लहरी आहेत पण टोकाला वलयं आडवी पसरलेली दिसतात, तर लहरी छापलेल्या आहेत. तसं असेल तर त्या डेस्कवर काचपेपर फिरवला की लहरी पुसल्या जातील, कायमच्या.

---

सरसपेटी

पडद्याचं काम माझ्या आवडीचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पडदा म्हणजे लाकडी पट्ट्यांची रांग आणि त्यांच्या पाठीला चिकटवलेलं जाड सुती कापड. (काही डेस्कांत कापडाऐवजी पट्ट्यांतून तार किंवा पोलादी फीत ओवलेली असते. तुमचं कापडाचं आहे, हे बरं.) पट्ट्यांची टोकं बाजूच्या फळ्यांतल्या वळणदार खोबणीत धावतात. पडदा तिरका होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा कापडच असतं: एका बाजूने सुटतं, ती बाजू मागे राहते, पट्ट्या खोबणीत तिरक्या होऊन आवळतात. मग माणूस जोर लावतो आणि टोकं तुटतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

पडदा पुढून निघत नाही. वरचा भाग लिहिण्याच्या फळीवर स्क्रू किंवा खुंट्यांनी बसवलेला असतो, तो आधी मोकळा करा. मागचे पाट काढा, कप्प्यांचा सांगाडा अख्खा पुढे ओढून बाहेर घ्या, मग पडदा खोबणीच्या मागच्या तोंडातून सरकवत काढा. याला दोन माणसं लागतात.

पडदा पालथा ठेवून कापड काढण्याआधी सगळ्या पट्ट्यांच्या पाठीवर पेन्सिलने आकडे घाला आणि पूर्ण पडद्यावर एक मोठा त्रिकोण काढा. एखादा आकडा पुसला गेला तरी त्रिकोणाच्या रेघा जुळवून क्रम लागतो. आता गरम पाण्यात पिळलेलं फडकं कापडावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. खाली सरस असेल तर तो मऊ होऊन कापड सोलून निघेल. उरलेला बोथट पात्याने खरवडा. पाणी पट्टीच्या दर्शनी बाजूला जाऊ देऊ नका, तिथलं पॉलिश पांढरं पडतं.

मग मोजमाप. सगळ्या पट्ट्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखी हवी. तुटलेली टोकं जोडता येतात: तुटका भाग लांब उताराने, जाडीच्या आठपट तरी, कापायचा आणि त्याच कापाचा ओकचा तुकडा चिकटवून टोक पुन्हा घडवायचं. आखूड जोड टिकत नाही, कारण सगळा ताण टोकावरच येतो. पूर्ण नवी पट्टी करायची झाली तर गोलाई घडवण्यासाठी जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा कानशीने त्याच आकारात घासून घ्या आणि त्याने पट्टी खरवडत न्या.

चिकटवण्यासाठी एक साचा लागतो. जाड प्लायवर दोन सरळ पट्ट्या गुण्या या काटकोन मोजायच्या हत्याराने तपासून काटकोनात ठोका. पडद्याच्या पट्ट्या पालथ्या, क्रमाने, एका कोपऱ्यात घट्ट बसवा आणि उरलेल्या दोन बाजूंनी पट्ट्या लावून पाचर मारा. दोन्ही कर्ण मोजा. फरक एक मिलिमीटरच्या वर असेल तर पाचर काढून पुन्हा बसवा. मोजायचा कंटाळा केलात तर नवीन कापडावरसुद्धा पडदा तिरकाच चालेल. पट्ट्यांच्या कडांना आधी मेणबत्तीचं मेण घासून ठेवा, म्हणजे फटीत उतरलेला सरस धरणार नाही. पाठीवर मात्र मेणाचा अंशही नको.

कापड घट्ट विणीचं सुती कॅनव्हास, दर चौरस मीटरला ३०० ते ३५० ग्रॅम वजनाचं. आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. न धुतलेलं कापड सरसाच्या ओलाव्याने आकसतं आणि पडदा वाकतो. रुंदी अशी कापा की दोन्ही बाजूंना पट्टीच्या टोकापासून १२ ते १५ मिमी आत राहील. खोबणीत कापड गेलं की पडदा जड होतो.

सरसाचे दाणे १०० ग्रॅम, थंड पाणी १८० मिली. रात्रभर फुगू द्या, मग पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. ६५ च्या वर नेऊ नका, त्याची ताकद जाते. कुंचल्यावरून सलग धार पडली पाहिजे. गोळे पडत असतील तर थोडं गरम पाणी घाला. साधा सरस मिनिटभरात थिजायला लागतो, म्हणून कोरड्या सरसाच्या वजनाच्या साधारण दहावा भाग युरिया मिसळा, हाताशी वेळ मिळतो. सरस पट्ट्यांना लावायचा, कापडाला नाही. कापड सरस पिऊन बसलं तर वाळल्यावर पुठ्ठ्यासारखं होतं आणि वळणावर तडकतं. पडद्याचे तीन भाग करा. एका भागाला पातळ थर द्या, कापड टाका, लाकडाच्या ठोकळ्याने मधून बाहेर घासत हवा काढा, मग पुढचा भाग. मध्येच थिजला तर ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवा, सरस पुन्हा पातळ होतो.

तासाभराने, सरस घट्ट झालाय पण पूर्ण वाळलेला नाही अशा वेळी, पडदा साच्यातून काढा आणि टेबलाच्या कडेवरून कापड आत आणि पट्ट्या बाहेर अशा प्रकारे वळवा. फटीत कुठे सरसाचा पूल झाला असेल तर बारीक आवाज करत मोडेल. तो आत्ताच मोडायला हवा. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर लाकडाची कपची घेऊन जातो. नंतर सपाट ठेवून वजन द्या आणि पूर्ण एक दिवस थांबा.

मुठीची पट्टी, म्हणजे पडद्याची सगळ्यात खालची जाड पट्टी, तिच्यावर सगळी ओढ येते. तिथे नुसत्या सरसावर विसंबू नका. कापडावरून एक पातळ लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळा. बसवण्याआधी खोबणी कोरड्या ब्रशने साफ करा, जुन्या तेलाचा चिकटा स्पिरिटने काढा, आणि खोबणीला व पट्ट्यांच्या टोकांना पॅराफिन मेण घासा.

---

जोडणी

सरसाऐवजी पांढरा लाकूडडिंक चालणार नाही का? सरस तापवणं, तापमान सांभाळणं हे सगळ्यांना जमत नाही. शिवाय दमट हवेत सरस सुटतो.

---

सरसपेटी

चिकटेल, चांगला चिकटेल. पण दोन गोष्टी आहेत. पांढरा डिंक सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो, आणि पडद्याचं कापड तर कायम ओढीत असतं. दुसरं, पुढच्या वेळी कापड काढायचं झालं की तो गरम पाण्याने सरसासारखा सुटत नाही, लाकडाच्या छिद्रांत बसून राहतो आणि नवा सरस तिथे धरत नाही. कापड कधी ना कधी बदलावं लागणारच, ते या वस्तूचं झिजणारं अंगच आहे. तुमची दमटपणाची हरकत मात्र रास्त आहे. सतत ओल असलेल्या खोलीत सरस मऊ होतो आणि त्याला बुरशीही धरते. तिथे डेस्कच ठेवू नये, कारण त्या हवेत खणही फुगतील. सरस तापवायचं जमत नसेल तर बाटलीतला तयार द्रवरूप सरस मिळतो, तो वापरा, फक्त तारीख ताजी बघा. रबरी काँटॅक्ट डिंक मात्र कुणी सुचवला तरी नको. पहिल्याच फटक्यात चिकटतो म्हणून मोह होतो, पण उन्हाळ्यात मऊ पडतो आणि जुना झाला की ठिसूळ होऊन कापड पापडासारखं सुटतं.

---

कारकूनकागद

कप्प्यांचा सांगाडा बाहेर काढणारच आहात, तर त्याबद्दल थोडं. हे डेस्क असं का घडलं ते त्या कप्प्यांत दिसतं.

वळणारं झाकण फ्रेंच. पंधराव्या लुईसाठी ओबेन या कारागिराने १७६० साली सुरू केलेलं आणि रीसनेरने १७६९ मध्ये पुरं केलेलं राजाचं डेस्क आजही व्हर्सायला आहे. पण तो दरबारी प्रकार. कारखान्यात बनणारं, कारकुनाला परवडणारं डेस्क अमेरिकेत घडलं. बफेलोच्या ॲब्नर कटलरने १८८२ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनने १८७४ मध्ये पेटंट घेतलेलं डेस्क तर कपाटासारखं दोन दारांनी उघडायचं आणि दारांच्या आतही कप्पेच कप्पे. साधा, स्टँडर्ड, एक्स्ट्रा आणि सुपीरियर असे त्याचे चार दर्जे होते. सुपीरियरवरचं कोरीवकाम बघण्यासारखं असतं.

एवढे कप्पे कशाला? कारण तेव्हा पत्र उघडं, सपाट ठेवत नसत. घडी घालायची, घडीच्या बाहेरच्या बाजूला कोणाचं, कोणत्या तारखेचं, कशाबद्दल ते लिहायचं आणि उभं कप्प्यात सरकवायचं. कप्प्याची रुंदी त्या घडीच्या मापाची असते. तुमच्या डेस्कचे अरुंद कप्पे मोजलेत तर तिघडी पत्र बरोबर बसेल एवढेच निघतील. ते मूळचे आहेत की नंतर घातलेले, हे ओळखायचा हाच उपाय. कप्प्यांच्या कडेला पातळ लेबलांच्या डिंकाचे डाग असतील तर ते घासू नका.

पुढे टाइपरायटर आला, कार्बनच्या प्रती निघायला लागल्या आणि कागदांचा पूर आला. घडी घालून ठेवणं अशक्य झालं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लायब्ररी ब्युरो या कंपनीने उभी फाइल ठेवण्याचं कपाट मांडलं. ही कंपनी मेल्विल ड्युईची, ग्रंथालयांची दशमान पद्धत काढणारा तोच. सपाट कागद, उभे, जाड कार्डांनी वेगळे केलेले. तिथून रोलटॉपची गरजच संपायला लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत व्यवस्थापनाला कारकुनाचं टेबल सपाट आणि डोळ्यांसमोर हवं होतं. पडद्याआड तुंबलेलं काम त्यांना नको होतं. आणि ज्या बफेलोत कटलरचं डेस्क जन्मलं, त्याच बफेलोत १९०६ साली वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने लार्किन कंपनीच्या इमारतीत पोलादी टेबलं बसवली.

म्हणून कप्पे काढून मोकळी फळी करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कप्पे गेलेलं रोलटॉप म्हणजे नुसती पेटी.

---

जुनंलाकूड

सगळ्यांचे आभार. गुण्या, तुमचा अंदाज खरा ठरला. डावीकडच्या दुसऱ्या खणामागे खाकी पाकिटांचा गठ्ठा होता. खण आत ढकलून दांडी उचलली, चारही उघडले. पडद्याच्या कापडाखाली तपकिरी, काचेसारखा कडक डिंक आहे, गरम फडक्याने मऊ होतोय, म्हणजे सरसच. लाकडाच्या टोकाला वलयं उभी आहेत.

आता पॉलिश. खणाच्या खालच्या कडेला स्पिरिटचा बोळा लावला तर दहा सेकंदात चिकट झालं. मुठीभोवती काळे डाग आहेत, ते वेगळे वाटतात.

---

चपडालाख

दहा सेकंदात चिकट झालं म्हणजे लाखेचं पॉलिश. मूळचं असण्याची शक्यता दाट आहे. थिनरने विरघळणारं आणि स्पिरिटला दाद न देणारं असतं तर ते नायट्रोसेल्युलोज लॅकर ठरलं असतं, आणि ते लाकूडसामानावर १९२० च्या दशकापासूनचं. दोन्हींनी काहीच झालं नसतं तर तेलाचं व्हार्निश.

लाख असेल तर उतरवायची गरजच नाही, हे लाखेचं मोठेपण. नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. आधी मळ काढा. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या सुती बोळ्याने जुनं मेण पुसा, बोळा काळा येईल तोवर बदलत राहा. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, बोळा पूर्ण पिळून, हातभर जागा एका वेळी, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्या. बऱ्याचदा तो काळपटपणा मेण आणि धुळीचाच निघतो आणि खाली मधाच्या रंगाचं पॉलिश हसतं.

तडकलेल्या जागी स्पिरिटने भिजवलेला मऊ ब्रश एकाच दिशेने, न थांबता, एकदाच फिरवा. लाख सैल होऊन पुन्हा सपाट बसते. लगेच दुसरा हात द्यायचा नाही. मऊ झालेल्या थरावर ब्रश फिरला तर तो ओरबाडला जातो. चार तास थांबा. मगरीची खवलं खोल असतील तर हे दोन-तीनदा करावं लागेल. हवा कोरडी असलेला दिवस निवडा, ओलाव्यात लाखेवर पांढरा धूर बसतो.

त्यावर मेणविरहित चपडा लाख, १२० ग्रॅम एका लिटर स्पिरिटमध्ये. रात्रभर विरघळू द्या, तलम फडक्यातून गाळा. आत लोकर किंवा कापूस आणि बाहेर तलम सुती कापड अशा गाठोड्याने, आठ आकड्यासारखे हात फिरवत पातळ थर द्या. दोन-तीन पुरेत, आरशासारखी चकाकी आणू नका, या डेस्कांना ती मूळची नव्हती. घोळलेली लाख सहा महिन्यांत संपवा. जुनी झाली की वाळतच नाही, बोट लावलं की ठसा उमटतो. म्हणून बरणीवर तारीख घाला आणि काचेवर एक थेंब टाकून आधी बघा.

काळे डाग लोखंडाचे. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, ओल्या हाताला लोखंड लागलं की लाकूड काळं पडतं. त्यामुळे या डेस्कवर पाणी असताना पोलादी लोकर वापरूच नका, तिचे तुटलेले केस छिद्रांत बसतात आणि महिन्याभराने काळे ठिपके येतात. नायलॉनचा जाळीदार तुकडा घ्या. डाग पुसट असतील तर तसेच ठेवा. ते त्या मुठीचेच आहेत, तिथेच शोभतात. अगदीच खुपत असतील तर तेवढ्याच जागेची लाख काढून ऑक्झॅलिक आम्ल लावा, ५० ग्रॅम लिटरभर कोमट पाण्यात. हातमोजे आणि चष्मा हवाच, पूड नाकात जाऊ देऊ नका, ते विष आहे. डाग गेला की साध्या पाण्याने तीनदा पुसा. आम्ल राहिलं तर वाळल्यावर पांढरे स्फटिक दिसतात आणि ते घासताना हवेत उडतात.

काचपेपर कुठेही नको. त्या काळी पुष्कळ ओक अमोनियाच्या वाफेवर काळवंडत असत. रंग लाकडात शिरलेला असतो, पण वरवरच. कोपऱ्यांवर काचपेपर फिरला की खालचं फिकट लाकूड उघडं पडतं आणि पुढे कितीही रंग चढवला तरी ती कड वेगळी दिसत राहते.

---

गुण्या

एक राहिलं. फुलीचे चार स्क्रू बदलायचे असतील तर सरळ चिरेचे, त्याच जाडीचे लोखंडी घ्या. पितळी नकोत, मागचा पाट आवळताना त्यांची डोकी तुटतात. जुनी भोकं सैल असतील तर ओकची बारीक काडी सरसात बुडवून आत ठोका, वाळल्यावर कापून समतल करा आणि नव्याने बारीक भोक पाडून स्क्रू द्या. आधी पडदा बसवा, दोन्ही बाजूंच्या दांड्या पडद्याबरोबर बंद-उघड होतात ते दहा-बारा वेळा तपासा, मगच मागचा पाट लावा. पाट लावल्यावर कळ बसत नाही असं लक्षात आलं तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

---

जुनंलाकूड

पडद्याच्या पट्ट्या मोजून झाल्या. सदतीस आहेत, त्यातली एक दीड मिमी लांब. खोबणीत तिच्याच टोकाची घासल्याची खूण आहे. ती कमी करू की मूळची म्हणून तशीच ठेवू?

---

सरसपेटी

पाठीवर पेन्सिलचा जुना आकडा आहे का बघा. बाकीच्यांवर असेल आणि तिच्यावर नसेल तर ती नंतरची बदललेली. तशी असेल तर निर्धास्तपणे दोन्ही टोकांनी पाऊण-पाऊण मिमी घ्या, एकाच बाजूने नको, नाहीतर टोकाची जीभ एका बाजूला आखूड पडेल. मूळची असेल तर कापण्याआधी तिला कोरड्या जागी दोन आठवडे ठेवा आणि ती वाकलेली किंवा पीळ पडलेली नाही ना ते काचेवर ठेवून तपासा. मूळ पट्टी लांबीत वाढत नाही, लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही. घासल्याची खूण असेल तर बहुतेक वेळा कारण वाकण्यात निघतं.